मधली पायरी

१९६९ साली महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या लातूरला झाल्या आणि तो किताब निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी जिंकला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि नंतर ते रुस्तुम-ए-हिंदही झाले. लातूर तेव्हा जिल्ह्याचे ठाणेही नव्हते. उस्मानाबाद जिल्ह्यातली ती एक मोठी बाजारपेठ होती, तिला जिल्ह्याचा दर्जा मिळायला १९८२ साल उजाडावे लागले. घरच्या माणसाने घरच्या मातीत मिळवलेल्या या यशाचा अभिमान लातूरकरांनी बाळगला आणि तो योग्यच होता. पण हा मल्ल घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. मुलगा मराठवाड्याचा, जिद्द मराठवाड्याची, आणि त्याला घडवणारी संस्था मात्र शेकडो मैलांवरची, हा नांदेड-लातूरच्या क्रीडा-इतिहासातला जुना आणि चिवट नमुना आहे. आज या दोन जिल्ह्यांत फुटबॉलच्या किंवा अन्य खेळांच्या अकादमीची भाषा होते तेव्हा हा इतिहास आधी वाचायला हवा. या भूमीत गुणवान मुले कमी नव्हती आणि खेळाची आवडही कमी नव्हती, हे तो सांगतो. उणीव होती ती मधल्या पायरीची. साधारण बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मुलाला घराजवळ राहता, जेवता, शिकता येईल आणि तोडीस तोड जोडीदारांशी रोज खेळता येईल, अशी जागा इथे उभी राहिली नाही.

पहिली पायरी इथे होती, आणि ती पक्की होती. मुलांना लहानपणी उचलून घडवण्याची कल्पना आपल्याकडे फुटबॉल क्लबांबरोबर आली असे मानणाऱ्यांनी गावच्या तालमीकडे पाहावे. चाळून, तेल-ताक-हळद घालून मऊ केलेली लाल माती, पहाटेचे जोर आणि बैठका, वस्तादाच्या नजरेखाली होणारी लढत, घराने पोटाला चिमटा घेऊन पुरवलेला दूध-बदामाचा खुराक हा सारा प्रशिक्षणाचा बांधीव क्रम होता. त्याला स्पर्धेची जोड यात्रेने दिली. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. अशा फडांची जुनी रीत अशी, की आधी चिमुरड्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात, मग वाढत्या वयाच्या आणि वाढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती. जोड लावणारे जाणते लोक दोन्ही मुलांची अंगलट, वय आणि तयारी डोळ्यांनी तोलतात, कारण विजोड कुस्तीत कोणीच काही शिकत नाही. वयानुसार गट पाडणे, बरोबरीच्या खेळाडूशी झुंजवणे, लोकांसमोर खेळण्याची सवय लावणे ही आधुनिक अकादमीची मूलतत्त्वे हलगीच्या तालावर पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात होती. बार्सिलोना क्लबने १९७९ मध्ये ला मासिया या जुन्या शेतघरात परगावच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. जगाने नावाजलेल्या त्या प्रयोगाच्या मुळाशी असलेला विचार, म्हणजे मुलाने उस्तादाच्या छायेत राहावे, खावे आणि घडावे, हा आपल्या तालमीला कधीच परका नव्हता.

मग गावची तालीम पुरी का पडली नाही? कारण एका मर्यादेनंतर खेळाडूला घडवतो तो त्याचा जोडीदार. दहा वर्षांच्या मुलाला गावात जोडीदार मिळतो. सोळाव्या वर्षी त्याच वजनाचे, त्याच तयारीचे पाच-सात जण रोज अंगावर घ्यायला हवेत, आणि ते एका गावात मिळत नाहीत. खुराकाचा खर्च वाढतो, वस्तादाचे ज्ञान अपुरे पडते, माती सोडून गादीवर खेळण्याची वेळ येते. फुटबॉलला तर ही अडचण कितीतरी पटींनी भोवते. कुस्तीला दोघे पुरतात, फुटबॉलला बावीस लागतात, आणि ते बावीस जण एका वयाचे, एकाच मैदानाच्या अंतरात राहणारे आणि आठवड्याला सामना खेळणारे असावे लागतात. अशी दाटी शहरात आपोआप जमते. विरळ वस्तीच्या मुलखात मात्र ती कोणाला तरी मुद्दाम जमवावी लागते. राजा, संस्था, पोलीस दल, कारखाना किंवा सरकार यांपैकी कोणीतरी ही जबाबदारी घेतली तरच मधली पायरी उभी राहते. मराठवाड्यासाठी ती कोणी घेतली का, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर हैदराबादेत शोधावे लागते. १९४८ पर्यंत नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत ते हैदराबाद राज्यातच राहिले. उदगीर आणि निलंगा तर तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत. भारतीय फुटबॉलचा सर्वोत्तम काळ याच राज्याच्या राजधानीत आकाराला येत होता, ही गोष्ट मराठवाड्यात क्वचितच आठवली जाते. शिक्षकी पेशातले सय्यद अब्दुल रहीम १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. या संघाने मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे जिंकली. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. हे यश दैवयोगाने आले नव्हते. रहीम यांनी कमी वयाच्या मुलांसाठी वेगळ्या धाटणीच्या स्पर्धा भरवल्या. चेंडू पायात खेळवत बसण्याला बंदी असलेल्या सामन्यांतून मुले चटकन पास द्यायला शिकली. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातल्या तुलसीदास बलराम या गरीब मुलाला सरावाला येण्यासाठी भाड्याच्या सायकलीचे पैसेही त्यांनी दिले. पोलीस दलाने खेळाडूंना नोकरी दिली, म्हणून खेळणे म्हणजे पोटावर पाय, अशी भीती घराला उरली नाही. शाळा, गल्लीतला क्लब, संघटनेची स्पर्धा, जाणता प्रशिक्षक आणि शेवटी पगाराची नोकरी अशी अखंड साखळी एका शहरात जुळून आली होती.

ही साखळी शहराच्या वेशीवर थांबली. त्या पिढीचे नामवंत खेळाडू हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांतून आणि लगतच्या छावण्यांच्या परिसरातून आले. नांदेड हे मनमाड-हैदराबाद लोहमार्गावरचे गाव होते आणि तो मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाला होता, त्यामुळे अंतराची सबब पुरी पडत नाही. खरे कारण असे, की संस्थानाच्या सगळ्या मधल्या पायऱ्या राजधानीत रचल्या गेल्या होत्या. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेत निघाले. नांदेडला पीपल्स कॉलेज निघायला १९५० साल उजाडले आणि तेही स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांच्या पुढाकाराने. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, तर राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. महाविद्यालयच नाही तिथे महाविद्यालयीन संघ नाही, आणि संघ नाही तिथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला शाळा सुटल्यावर मैदान नाही. त्यात निजामी राजवटीत सभा, खासगी शाळा आणि आखाडे यांवर निर्बंध आणि संशयाची नजर होती. तरुणांनी एकत्र येऊन अंग कमवणे ही राजकीय गोष्ट मानली जात होती. जो प्रदेश जिल्ह्यात शाळा उघडण्यासाठीही झगडत होता, त्याच्याकडे क्रीडासंस्था उभारण्याची उसंत कुठून येणार? १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला आणि १९६३ मध्ये रहीम गेले. हैदराबादचे फुटबॉलही पुढे ओसरले. त्या सुवर्णकाळाचा कोणताही धागा नांदेड-लातूरच्या हाती आला नाही.

१९५६ नंतर राजधानी बदलली, नमुना तोच राहिला. हैदराबादची जागा कोल्हापूर-पुण्याने घेतली. महाराष्ट्र केसरीच्या पहिल्या कुस्त्या १९६१ साली औरंगाबादला झाल्या, म्हणजे मान मराठवाड्याला मिळाला, पण किताब सांगलीच्या दिनकर दह्यारींनी नेला. पश्चिम महाराष्ट्रात तालमींना संस्थानी आश्रयाची परंपरा होती. बिराजदार त्या परंपरेत जाऊन घडले आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मुले घडवली. लातूरजवळच्या सई गावचे काका पवार याच तालमीत तयार झाले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि पुण्यातच कात्रजच्या बाजूला त्यांनी कुस्ती संकुल उभे केले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदार आणि मग पवार यांच्याकडे शिकला. त्याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. २०२० च्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली, तेव्हा दोघेही पवारांचेच पठ्ठे होते. मराठवाड्याच्या मातीतला वस्ताद, मराठवाड्याच्या मातीतला मल्ल, आणि दोघांच्या भेटीची जागा पुणे! वस्तादांनी ज्ञान आपल्या माणसांना भरभरून दिले, यात शंका नाही. पण ते ज्ञान टिकवणारी आणि वाढवणारी संस्था मराठवाड्यात उभी राहू शकली नाही, म्हणून देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही गाव सोडावे लागले.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की यात वावगे काय? उत्तम साधने एका ठिकाणी एकवटावीत आणि निवडक मुले तिथे न्यावीत, हीच शहाणी रीत नाही का? बिराजदार, पवार, आवारे यांची नावे या रीतीच्या बाजूनेच साक्ष देतात. हा आक्षेप वजनदार आहे. कळसाच्या टप्प्यावर, म्हणजे राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय तयारीसाठी, केंद्रीय संकुल लागतेच. पण आपण मोजतो ते पोहोचलेल्यांना. घर सोडण्याचे धाडस, पैसा किंवा ओळख नसल्याने बाराव्या-चौदाव्या वर्षी थांबलेल्यांची गणती कोणत्याही यादीत नाही. शिवाय कोवळ्या वयातली निवड हमखास चुकते, कारण कोणाचे अंग लवकर भरते, कोणाचे उशिरा. मधली पायरी दूर असेल तर उशिरा फुलणारा मुलगा निवडीच्या पहिल्याच चाळणीत गळतो आणि त्याला दुसरी संधी मिळत नाही. पायरी जवळ असेल तर तो दोन वर्षे मागे राहूनही खेळत राहतो. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. परगावी एकटीला ठेवण्याचा निर्णय जितकी घरे घेऊ शकतात, त्याच्या अनेक पटींनी घरे तिला संध्याकाळी जवळच्या मैदानावर पाठवू शकतात.

दुसरा आक्षेप गरिबीचा आणि दुष्काळाचा. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे हिरव्या मैदानाची गोष्ट कोणत्या तोंडाने करायची? पंचगंगेच्या काठच्या सधन कोल्हापूरशी तुलना अन्यायाची ठरेल, हे मान्य करायलाच हवे. पण कोल्हापूरची साक्ष नीट ऐकली तर ती संपत्तीपेक्षा संघटनेबद्दल जास्त बोलते. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान खुले केले आणि पेठापेठांतल्या तालमींना आश्रय दिला. पुढे त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावेच सांगतात, की नवा खेळ जुन्या संस्थेच्या ओसरीवर वाढला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांनी त्यांना दरवर्षी खेळायला सामने दिले आणि पेठेच्या अभिमानाने प्रेक्षक दिले. १७ वर्षांखालील विश्वचषक २०१७ मध्ये भारतात झाला तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढचे शिक्षण त्याने पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घेतले हे खरे, पण फुटबॉल ही सन्मानाची गोष्ट मानणारे शहर त्याच्या पाठीशी आधीपासून होते. आणि संपत्तीच निर्णायक असती तर उद्योगधंदे जेमतेम असलेल्या मिझोरामच्या ऐझॉल क्लबने २०१६-१७ ची आय-लीग कशी जिंकली असती? तिथल्या राज्य संघटनेने २०१२ साली स्वतःची लीग सुरू केली आणि मुलांना घराजवळ नियमित सामने मिळू लागले, हे त्या विजयाआधी घडले होते.

तिसरा आक्षेप असा, की कुस्ती आपली, फुटबॉल परका, मग त्याचा अट्टहास का? कोल्हापूरच्या तालमींनी याचे उत्तर आधीच दिले आहे. एखाद्या गावाने खेळाला आपले मैदान, आपले वस्ताद आणि आपली ईर्ष्या दिली की तो खेळ आपला होतो. नांदेडने हे हॉकीच्या बाबतीत पाहिले आहे. गुरु गोविंदसिंगांच्या वास्तव्याने आणि सचखंड गुरुद्वाऱ्याने पावन झालेल्या या शहरात त्यांच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते आणि देशभरातले संघ येऊन खेळतात. प्रेक्षकांची हौस आणि यजमानांची निष्ठा यांत कसूर नाही. परंतु स्पर्धा खेळ दाखवते, ती एकटी खेळाडू घडवत नाही. त्यासाठी संघ परत गेल्यावर उरलेले ५० आठवडे मैदानावर कोणीतरी मुलांबरोबर असावे लागते. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यातल्या १० लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम सरकारने केला. त्या दिवशी उत्साह होता, आणि उत्साहाला कमी लेखू नये. पण दुसऱ्या दिवसापासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा कोण, आणि त्या मुलाचा पुढचा सामना कोणाशी, याची सोय त्या उपक्रमाने लावलेली नव्हती. उत्सवाने पहिली पायरी झाडून काढली आणि मधली तशीच रिकामी राहिली.

चौथा आक्षेप पालकांचा आहे आणि तो सगळ्यात प्रामाणिक आहे. खेळात पडून पोरगा शिक्षणाला मुकला तर? तालमीच्या इतिहासात या भीतीला पुरेसा आधार आहे. अंगातली रग ओसरल्यावर हलाखीत दिवस काढलेले पहिलवान गावोगाव लोकांनी पाहिले आहेत. म्हणूनच हैदराबादच्या उदाहरणातला पोलीस नोकरीचा भाग महत्त्वाचा ठरतो. साखळीचे शेवटचे टोक भक्कम असेल तरच घर मुलाला पहिल्या कडीत पाय ठेवू देते. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ मध्ये सुरू झाली, तिच्या मागेही उद्योगसमूहाचा असाच भक्कम आधार होता. प्रत्येक मुलगा व्यावसायिक खेळाडू होणार नाही, बहुतेक होणारच नाहीत. जी अकादमी हे मनात धरून अभ्यास, पंचगिरी, प्रशिक्षण, व्यायामशास्त्र असे दुसरे मार्ग मुलासमोर खुले ठेवते, तीच पालकांच्या विश्वासाला पात्र ठरते.

आणि मराठवाड्याला मधली पायरी बांधताच येत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला लातूरनेच उत्तर दिले आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि अनिरुद्ध जाधव यांच्या काळात आकाराला आलेला लातूर पॅटर्न पाहा. ठरावीक वेळापत्रक, सतत चाचण्या, चुकांची उजळणी, तळमळीचे शिक्षक, आणि परगावच्या मुलांना सामावून घेणारी वसतिगृहे व खानावळी. गुणवत्ता यादी ही पुण्या-मुंबईची मिरास आहे, हा समज त्याने मोडला, आणि नंतर नांदेडही वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीचे मोठे केंद्र झाले. गावची शाळा ही पहिली पायरी आणि नामांकित महाविद्यालय ही शेवटची. मधली पायरी या दोन शहरांनी स्वतःच्या हिमतीवर, त्याच कोरडवाहू मुलखात, त्याच शेतकरी घरांच्या पैशावर बांधली. पाठांतराचा ताण, मुलांवरचे ओझे, खेळाच्या तासाचा बळी हे त्या पॅटर्नचे दोष उघड आहेत. तरी संघटनेची ताकद त्याने निर्विवाद सिद्ध केली. जे रसायनशास्त्रासाठी जमले ते मैदानासाठी जमणार नाही, असे मानण्याला इतिहासात आधार सापडत नाही.

तेव्हा नांदेड किंवा लातूरला मुलांसाठी फुटबॉलची अकादमी काढायची असेल, तर भव्य प्रवेशद्वार आणि परदेशी क्लबाचे नाव यांनी तिची किंमत ठरू नये. उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूर अशा तालुक्यांतल्या मुलांना वर्षभर आठवड्याला एक सामना मिळतो का, तेराव्या वर्षी वगळलेल्याला पंधराव्या वर्षी पुन्हा यायची वाट आहे का, शिकवणारा मुक्कामाला आहे की शिबिरापुरता येतो, आणि खेळ थांबला तर मुलाच्या हाती काय उरते, या चार गोष्टी तिने दाखवाव्यात. यातली एकही गोष्ट या मातीला नवी नाही. जोड तोलून लावणारे पंच इथल्या फडात होते, पदरचे घालून शिकवणारे वस्ताद इथल्या तालमीत होते आणि परगावच्या पोरांना सांभाळणारी घरे इथल्या पॅटर्नने तयार केली. हे सारे एका मैदानाभोवती एकत्र आणायचे काम बाकी आहे. रामलिंग मुदगडच्या पुढच्या मुलाला किताबाची कुस्ती खेळायला लातूरला यावे लागेल, आणि तिची मेहनतही त्याला लातूरलाच करता येईल, तेव्हा १९६९ चा तो विजय या मुलखाने पुरतेपणी आपला केला असे म्हणता येईल.